एक्स-रे नॉर्मल, तरी मनगट दुखतंय?

दुचाकी घसरते, कांद्याची गोणी उतरवताना तोल जातो किंवा मोरीत पाय सरकतो. पडताना माणूस आपोआप हात टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. नांदगाव परिसरात असे रुग्ण नेहमीचेच. एक्स-रेत हाड मोडलेले दिसत नाही. मग ‘मुका मार आहे’ म्हणून तेल चोळणे सुरू होते. काही महिन्यांनी तक्रार येते, ‘डॉक्टर, भरलेली बादली उचलवत नाही.’

मनगटात ८ लहान हाडे असतात. त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे पट्टे म्हणजे अस्थिबंध, अर्थात लिगामेंट. ते एक्स-रेत दिसत नाहीत. स्कॅफॉइड आणि ल्युनेट या दोन हाडांमधला अस्थिबंध पूर्ण तुटला आणि तसाच राहिला, तर हाडे जागा सोडतात आणि पुढे काही वर्षांत सांधा झिजू शकतो.

येथे सोनोग्राफीची मदत होते. सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गरोदरपण आठवते. पण त्याच तंत्राने, वरवरचे भाग बारकाईने दाखवणारा प्रोब वापरून, मनगटही तपासता येते. या अस्थिबंधाचा सर्वांत मजबूत भाग हाताच्या पाठीकडे, त्वचेपासून फार खोल नसतो. रुग्णाला मूठ आवळायला, हात दोन्ही बाजूंना वळवायला सांगून हाडांमधली फट वाढते का, हे त्याच वेळी पाहता येते. दुसऱ्या मनगटाशी तुलनाही होते. किरणोत्सर्ग नाही आणि खर्च एमआरआयपेक्षा कमी.

मात्र तपासणाऱ्याचा अनुभव येथे फार महत्त्वाचा. खोलवरचे आणि तळहाताकडचे भाग नीट दिसतीलच असे नाही. त्यामुळे सोनोग्राफी चांगली आली, तरी दुखणे कायम असेल तर एमआरआय, क्वचित दुर्बिणीतून तपासणी लागते.

अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर स्कॅफॉइड मोडल्याची शंका घ्यावी. ही चीर पहिल्या एक्स-रेत सुटू शकते. म्हणून हात आधाराने स्थिर ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासतात.

पकड सैल झाली, वळवताना ‘कट्’ आवाजासह कळ आली किंवा दोन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर चोळणे, ओढून ‘बसवणे’ टाळा. तुटलेला अस्थिबंध पहिल्या काही आठवड्यांत जोडणे सोपे असते. उशीर झाला की शस्त्रक्रिया अवघड होते.