तुटीच्या कायद्याची कात्री खडकीत कुठे लागते?

पुण्यातल्या खडकी बाजारातले रस्ते, दिवे, कचरा, शाळा आणि दवाखाना यांचा भार कॅन्टोन्मेंट बोर्डावर आहे. शेजारचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. बोर्ड आणि कारखाना, दोन्ही संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे केंद्राच्या खर्चावर कायद्याने मर्यादा आली की तिची झळ खडकीपर्यंत येऊ शकते. मात्र दोघांना ती सारखी लागत नाही. याचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे.

मर्यादा कशावर?
संसदेने २००३ मध्ये वित्तीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन (एफआरबीएम) कायदा केला. तो ५ जुलै २००४ पासून लागू झाला. सरकारचा एकूण खर्च आणि कर्जाखेरीज झालेली जमा यांतला फरक म्हणजे राजकोषीय तूट. ती भरायला कर्ज काढावे लागते. ही तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांवर आणायची आणि महसुली तूट (महसुली खर्च आणि महसुली जमा यांतला फरक) संपवायची, असे सुरुवातीचे उद्दिष्ट होते.

कपात कशी होते?
कलम ७ सांगते की, जमा कमी पडली किंवा खर्च ठरलेल्या पातळीपुढे गेला, तर सरकारने महसूल वाढवण्याचे किंवा खर्च घटवण्याचे योग्य ते उपाय करावेत; मंजूर रकमांना कात्री लावणेही त्यात येते. एवढेच वाचले तर वाटते, सर्वांना सारखाच फटका बसेल. पण या कलमाला एक परंतुक आहे आणि खरा निर्णय तिथे होतो. राज्यघटनेनुसार एकत्रित निधीवर भारित असलेला (म्हणजे संसदेत मतदानाला न टाकला जाणारा) खर्च, उदाहरणार्थ कर्जावरचे व्याज, कपातीतून वगळला आहे. करारामुळे द्यावी लागणारी रक्कम आणि पुढे ढकलता किंवा कमी करता न येणारा खर्चही वगळला आहे. एवढे बाजूला काढल्यावर उरतात ती प्रामुख्याने अनुदाने आणि अजून सुरू न झालेली कामे.

अमेरिकेत २०११ च्या कायद्याने खर्चाच्या मर्यादा आखल्या आणि १ मार्च २०१३ रोजी ठरलेल्या सूत्राने कपात सुरू झाली. पुढे तिथल्या संसदेने नवे कायदे करून त्या मर्यादा वारंवार वाढवल्या. आपल्याकडे असे आपोआप चालणारे सूत्र नाही. कात्री अर्थ मंत्रालयाच्या हाती असते. एप्रिल २०२० मध्ये या मंत्रालयाने खात्यांचे तीन गट पाडले. पहिल्याला मोकळीक दिली, दुसऱ्याला पहिल्या तिमाहीत वार्षिक तरतुदीच्या २० टक्के आणि तिसऱ्याला १५ टक्के खर्चाची मर्यादा घातली. एरवी हेच काम सुधारित अंदाजांतून होते: फेब्रुवारीत दिलेली तरतूद वर्ष सरता सरता घटवली जाते.

दुरुस्त्यांनी काय बदलले?
२०१८ मध्ये महसुली तुटीचे उद्दिष्ट वगळून कर्जाचे उद्दिष्ट आणले गेले: २०२४-२५ अखेर केंद्राचे कर्ज जीडीपीच्या ४० टक्क्यांपर्यंत. राष्ट्रीय सुरक्षा, युद्ध, राष्ट्रीय आपत्ती अशा कारणांसाठी तुटीच्या उद्दिष्टापासून अर्ध्या टक्क्याची सूटही ठेवली. कोविडच्या २०२०-२१ या वर्षात तूट ९.२ टक्क्यांवर गेली. पुढे सरकारने २०२५-२६ पर्यंत ती ४.५ टक्क्यांखाली आणण्याचा मार्ग जाहीर केला. आकडे आणि मुदती सरकत गेल्या. कोणता खर्च सुरक्षित आणि कोणता उघड्यावर, या प्रश्नाकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही.

खडकीत परिणाम काय?
१ ऑक्टोबर २०२१ रोजी हा कारखाना चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला. आता लष्कर मागणी नोंदवते आणि त्या मालाचे पैसे देते. म्हणजे हे देणे कराराच्या आश्रयाला जाऊ शकते.

बोर्डाला तो आश्रय नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर काही स्थानिक करांचा आधार गेला. महापालिकांच्या भरपाईसाठी राज्याने त्याच वर्षी कायदा केला. कॅन्टोन्मेंट बोर्डांना मात्र वाट्यासाठी मागणी करत राहावे लागले. त्यामुळे भिस्त वाढली ती मंत्रालयाच्या अनुदानावर. ते करार नाही, भारित खर्चही नाही. कायदा त्याला संरक्षण देत नाही. तोफगोळ्याचे बिल थकवता येत नाही, पण दवाखान्याचे अनुदान लांबवता येते, हे मला अन्यायाचे वाटते.

उद्या बोर्डाच्या हद्दीतली नागरी वस्ती महापालिकेत गेली, तरी प्रश्न आपोआप सुटणार नाही. महापालिका राज्याच्या पैशावरही अवलंबून असते आणि महाराष्ट्राचाही २००५ चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे. तुटीची शिस्त तिथेही लागू आहे.

म्हणून दुरुस्तीची चर्चा ३ टक्के की ४ टक्के एवढ्यावर थांबू नये. पाणी, आरोग्य आणि स्वच्छतेसाठीच्या किमान अनुदानाचा परंतुकात स्पष्ट उल्लेख हवा. तोवर खडकीकरांनी दरवर्षी आपल्या अनुदानाचा मूळ आणि सुधारित आकडा शेजारी ठेवून पाहावा आणि मधली तफावत का पडली, याचा जाब आपल्या खासदाराला विचारावा.