सीजीआयटीबी काढणं का योग्य होतं
(लेखमाला : प्रोग्रॅमिंगच्या पायाभूत गोष्टी)

मागच्या लेखांकात आपण स्टँडर्ड लायब्ररीची ओळख करून घेतली. भाषेसोबतच येणारी, वेगळी उतरवून घ्यावी न लागणारी मॉड्यूल तिच्यात असतात. ७ ऑक्टोबर २०२४ रोजी पायथनची ३.१३ ही आवृत्ती आली आणि या लायब्ररीतून १९ मॉड्यूल एकदम गेली. त्यातलं एक होतं सीजीआयटीबी. बाकीच्यांपैकी अनेकांबद्दल फारसा वाद नव्हता. जुने ध्वनिप्रकार, टेलनेट, न्यूजग्रुप यांची गरजच संपत आली होती. सीजीआयटीबी मात्र प्रोग्रॅममधली चूक शोधायला मदत करायचं, आणि असं साधन काढून टाकावं का, हा प्रश्न जरा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे.

आधी त्याची उपयुक्तता मान्य केली पाहिजे. १९९३च्या सुमारास आलेल्या सीजीआय पद्धतीत ब्राउझरकडून विनंती आली की सर्व्हर एक स्क्रिप्ट नव्याने चालवतो आणि तिचं उत्तर परत पाठवतो. स्क्रिप्टमध्ये चूक झाली, की ब्राउझरवर ‘इंटर्नल सर्व्हर एरर’ एवढंच दिसे. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये पडलेलं असे, आणि भाड्याच्या सर्व्हरवर तो लॉग पाहायची मुभा अनेकांना नसे. २००१च्या अखेरीस पायथन २.२ सोबत सीजीआयटीबी आलं आणि ही अडचण दोन ओळींत सुटली. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं, चुकीच्या आसपासच्या कोडच्या पाच ओळी आणि त्या क्षणी तिथल्या व्हेरिएबलच्या किमती, हे सगळं थेट ब्राउझरमध्ये मांडलेलं दिसू लागलं. त्या काळात शिकणाऱ्यासाठी हे वरदानच होतं.

पुढे काळ बदलला. २००३ मध्ये वेब सर्व्हर आणि पायथन यांना जोडणारा डब्ल्यूएसजीआय हा संकेत आला, २००५ मध्ये जँगो आणि २०१० मध्ये फ्लास्क ही वेब फ्रेमवर्क आली, आणि दर विनंतीला नवी प्रक्रिया सुरू करणारी सीजीआय पद्धत मागे पडली. पण नुसतं मागे पडणं हे काढून टाकायला पुरेसं कारण नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. चूक दाखवणारं साधन प्रोग्रॅमचं पोट उघडून दाखवतं, आणि सीजीआयटीबी ते मुळातच समोर असेल त्याला दाखवायचं. माहिती ब्राउझरकडे न पाठवता फाइलमध्ये साठवण्याचा पर्याय होता, पण तो प्रोग्रॅमरने आठवणीने निवडावा लागे. विसरला, तर डेटाबेसचा पासवर्ड ज्या व्हेरिएबलमध्ये आहे तो अनोळखी माणसाच्या पडद्यावर. सुरक्षेच्या जगात एरर संदेशातून गुपित फुटणं ही इतकी नेहमीची चूक आहे, की सीडब्ल्यूई या त्रुटींच्या यादीत तिला २०९ हा स्वतंत्र क्रमांक आहे.

यावर कोणी म्हणेल, जँगोचं डीबग पानही हेच करतं. खरं आहे, आणि चालू संकेतस्थळावर ते सुरू ठेवणं तितकंच घातक आहे. पण जँगो त्या पानावर सेटिंग्ज दाखवताना ज्यांच्या नावात ‘पास’, ‘सीक्रेट’, ‘टोकन’ असे शब्द आहेत त्यांच्या किमती झाकतं, कारण धोका ओळखून त्यावर काम करणारी माणसं तिथे आहेत. सीजीआयटीबी असा कोणताही भेद करत नसे. स्टँडर्ड लायब्ररीत असणं ही एक प्रकारची हमी असते. भाषेसोबत आलं म्हणजे वापरायला योग्य, असं नवखा समजतो आणि त्याने तसं समजणं रास्तच आहे. हमी द्यायची आणि मागे लक्ष द्यायला कोणी नाही, यापेक्षा ती मागे घेणं अधिक प्रामाणिक. ख्रिश्चन हाइम्स यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावाचं नावच ‘मेलेल्या बॅटऱ्या काढणं’ असं होतं. सोबत दिलेली बॅटरी, म्हणजे इथे मॉड्यूल, संपली तर ती नुसती निरुपयोगी राहत नाही, गळून बाकीचं यंत्रही बिघडवते. प्रस्ताव सरसकटही नव्हता. ‘वेव्ह’सारखं मॉड्यूल अजून उपयोगाचं म्हणून ठेवलं गेलं.

सर्वांत वजनदार आक्षेप मला आपल्याच परिसरातून दिसतो. नागपूरजवळच्या वानाडोंगरी, डिगडोह भागात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत आणि लागूनच हिंगणा एमआयडीसी. समजा, तिथल्या एखाद्या छोट्या कारखान्यात साठ्याची नोंद ठेवणारं जुनं सीजीआय पान अजून चालू आहे. ते लिहिणारा सोडून गेला, संगणक बदलला, नवा पायथन बसवला आणि पान बंद पडलं. त्या मालकाने काय करायचं? शिवाय प्रयोगशाळेत इंटरनेट धड नसेल, तर एकाच डाउनलोडमध्ये सगळं मिळण्याची किंमत मोठी असते. हा आक्षेप मी पूर्ण खोडू शकत नाही. २०२२ मध्ये आलेल्या ३.११ पासून इशारा दिला जात होता, पण सीजीआय स्क्रिप्टचा इशारा सर्व्हरच्या लॉगमध्ये जातो, आणि तो लॉग उघडणारं कोणी नसतं. इशारा दिला गेला, पोचला नाही. तरीही त्यासाठी ते मॉड्यूल जगातल्या प्रत्येक शिकणाऱ्याच्या हाती देत राहणं मला पटत नाही. ३.१२ या आवृत्तीला ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत, म्हणजे जुनं पान तोवर तिथे चालू राहू शकतं. त्यानंतरही ज्याला हवं त्याच्यासाठी पायपीआय या पॅकेजांच्या संग्रहावर ‘लेगसी-सीजीआय’ हे पॅकेज आहे, त्यात सीजीआयटीबीही आहे.

काही जण सीजीआयटीबी वेबशिवायही वापरत, कारण साध्या मजकुरातही ते व्हेरिएबलच्या किमती छापायचं. त्यांच्यासाठी ‘ट्रेसबॅक’ मॉड्यूलमध्ये ३.५ पासून किमती टिपून घेण्याची सोय आहे, आणि ३.७ पासून ‘ब्रेकपॉइंट’ लिहून प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो. ज्यांच्याकडे जुना कोड आहे त्यांनी ३.१२ वर, इशाऱ्यांनाच एरर मानायला लावून, सगळ्या स्क्रिप्ट एकदा चालवून पाहाव्यात. सीजीआयटीबी मागणारी प्रत्येक फाइल तिथल्या तिथे थांबेल. पुढच्या लेखांकात या ‘ट्रेसबॅक’चीच रचना पाहू.