तारेवरचे चार डाव

बुद्धिबळाच्या पटावर दोन माणसे भिडली, की पानावरचा भात गार होतो, हे घरोघरचे गाऱ्हाणे. दोन यंत्रे भिडली, तेव्हा सामना नऊ महिने चालला!

१९६६ च्या नोव्हेंबरात मॉस्कोतील एका भौतिकी संस्थेचे गणकयंत्र आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे गणकयंत्र यांच्यात चार डाव सुरू झाले. खेळ्या तारेने जात. दिवस शीतयुद्धाचे; पण खरा तंटा विचार करण्याच्या पद्धतीचा होता. ॲलन कोटॉक व जॉन मॅकार्थी यांचा अमेरिकन प्रोग्रॅम वरवर बऱ्या दिसतील तेवढ्याच खेळ्या तपाशी, बाकीच्या सोडून देई. रशियन प्रोग्रॅम अशी निवड करीत नसे. सगळ्याच खेळ्या हिशेबात घेई. निव्वळ हमाली! माझा ओढा साहजिकच अमेरिकन यंत्राकडे. पण परीक्षेआधी ‘महत्त्वाचे प्रश्न’ तेवढे निवडणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. नेमका गाळलेला धडाच प्रश्नपत्रिकेत येतो.

तसेच झाले. पहिल्या दोन डावांत रशियन यंत्राने आपल्या व प्रतिपक्षाच्या मिळून तीनच खेळ्या पुढचे पाहिले. ते डाव बरोबरीत सुटले. पुढच्या दोहोंत पाच खेळ्यांपर्यंत पाहिले, आणि दोन्ही जिंकले. निकाल ३-१!

चार डावांवरचा निवाडा आजच्या परीक्षकांना मात्र पटणार नाही. ते हजारो डाव खेळवतात. एकाच सुरुवातीचे दोन डाव, मोहऱ्यांचे रंग बदलून. तरीही बरोबऱ्याच इतक्या होतात, की एका बाजूला मुद्दाम झुकलेल्या सुरुवाती शोधाव्या लागतात.