फोटोतला लाल आणि कल्ल्यातला लाल : मॉनिटरचा रंग मापात कसा आणायचा



सुपा धरणाच्या पाण्यातला कटला, रोहू हल्ली गाडीच्या आधी फोटोतून व्यापाऱ्याकडे पोचतो. कल्ले उघडून फोटो काढायचा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघायचा, पुढे पाठवायचा. कल्ले लालभडक दिसले तर भाव मिळतो. तपकिरी दिसले की "माल शिळा" म्हणून किलोमागे पैसे कापतात. मासा एकच, पण एका स्क्रीनवर ताजा आणि दुसऱ्या स्क्रीनवर शिळा!

मासा मेल्यावर कल्ल्यांतल्या रक्ताचं लाल रंगद्रव्य हवेने हळूहळू तपकिरी पडतं. म्हणून आपण कल्ले बघतो. पण लालाचा तपकिरी चुकीचा लावलेला मॉनिटरसुद्धा करू शकतो.

असं का होतं? फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, ० ते २५५ पर्यंत. त्या आकड्यांना किती उजेड पाडायचा ते स्क्रीन ठरवते. सगळीकडे एकच माप असावं म्हणून एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९६ मध्ये 'एसआरजीबी' हे माप मांडलं. तरी बरेच मॉनिटर जास्त उजळ आणि निळसर लावूनच येतात. अशा मॉनिटरला परत मापात आणणं म्हणजे कॅलिब्रेशन. आपला वजनकाटा आपण प्रमाणित वजन ठेवून तपासतो, तसंच हे.

घरी किंवा ऑफिसात एवढं करा :

१. मॉनिटर अर्धा तास आधी चालू ठेवा. खिडकीचा उजेड थेट स्क्रीनवर पडू देऊ नका.

२. 'नाईट लाईट', डोळ्यांच्या आरामाचा मोड, 'व्हिविड', 'डायनॅमिक' हे सगळं बंद करा. रात्रीचा मोड पांढऱ्याचा पिवळा करतो.

३. मॉनिटरच्या बटणांतून 'एसआरजीबी' मोड निवडा. तो नसेल तर रंगाचं तापमान ६५०० ठेवा.

४. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि शेजारी खरा पांढरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी चमकत असेल तर ब्राइटनेस कमी करा. दोन्ही साधारण सारखे दिसले पाहिजेत.

५. विंडोजमध्ये स्टार्टला जाऊन 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' शोधा. तो गॅमा, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि रंगाचा तोल एकेक करून विचारतो. शेवटी करड्या पट्ट्या येतात. त्यांत लाल, हिरवी किंवा निळी झाक राहता कामा नये.

हे झालं डोळ्याचं माप, आणि डोळा फसतो. नेमकं माप हवं तर 'कलरिमीटर' नावाचं छोटं यंत्र स्क्रीनवर टेकवतात. ते एकेक रंग मोजून त्या मॉनिटरचं 'प्रोफाइल' बनवतं. कॉम्प्युटर पुढे त्याप्रमाणे रंग दुरुस्त करून दाखवतो. चांगल्या फोटो स्टुडिओत असं यंत्र असू शकतं, ओळख असेल तर विचारा. मॉनिटर जुना होतो तसा रंग सरकतो, म्हणून मधूनमधून परत तपासावं लागतं.

पण फोटोच चुकीचा असेल तर मॉनिटर काय करणार? निळ्या ताडपत्रीवर मासा ठेवला की फोनचा कॅमेरा निळा रंग मारायला जातो आणि बऱ्याचदा सगळा फोटो पिवळसर करतो. पिवळ्या बल्बखालीही तीच गत. म्हणून फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा आणि माशाशेजारी पांढरा कागद ठेवा. फोटोत तो कागद पांढराच दिसला तर कल्ल्यांच्या रंगावर भरवसा ठेवायला हरकत नाही. कागद पिवळा दिसला तर फोटो परत काढा. हीच खूण समोरच्यालाही कळते, कारण त्याचा फोन काही आपल्या हातात नाही.

फोटोसोबत जाळं किती वाजता काढलं आणि बर्फ केव्हा घातला तेही लिहा. तरी वाद झालाच तर व्यापाऱ्याला माल समोर बघून, वास घेऊन, बोटाने दाबून भाव ठरवायला सांगा. फोटोवरून माल दाखवता येतो, पारखायचा असतो तो हातानेच.

– सचिव