छपराची नक्कल आणि चौकाचा हिशेब

विद्यापीठाच्या इमारतीत परंपरेचे दर्शन घडावे, असा आग्रह वेळोवेळी धरला जातो आणि दर्शनी भागावर कमानी व घुमट बसवून तो पुरवलाही जातो. या बाबतीत चीनचा अनुभव उद्बोधक आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हेन्री मर्फी या अमेरिकन वास्तुविशारदाने बीजिंगच्या येन्चिंग विद्यापीठाला चिनी वक्र छपरांचा साज चढवला. १९२४ साली तेथील पाण्याची टाकीही पॅगोडाच्या रूपात उभारण्यात आली. क्रांतीनंतर ही हौस सरकारी इमारतींत शिरली आणि १९५५ साली उधळपट्टी म्हणून टीकेची धनी झाली. लिआंग सिचेंग यांच्यासारखा थोर वास्तु-इतिहासकारही त्या टीकेतून सुटला नाही. टीकेत राजकारण होतेच. तथापि तिच्यातला आर्थिक मुद्दा खोटा नव्हता. लाकडी खांब आणि भिंती पावसापासून राखणारी रुंद वळचण काँक्रीटमध्ये ओतली की तिचा खर्च तेवढा उरतो, प्रयोजन उरत नाही.

वांग शू आणि लू वेन्यू या दांपत्याने हांगझौच्या कला अकादमीच्या शियांगशान परिसरात निराळा मार्ग धरला. पाडलेल्या घरांची वीस लाखांहून अधिक कौले त्यांनी तेथे पुन्हा वापरली. २०१२ साली वांग शू यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले.

पुणे विद्यापीठाच्या आवारात, १९८८ साली स्थापन झालेल्या ‘आयुका’साठी चार्ल्स कोरिया यांनी स्थानिक काळा पाषाण आणि कुंडाची कल्पना वापरली, ती याच जातीची. केंदूरच्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने तर बांधकामालाच शिक्षणाचा विषय केले. तेथील घुमटाकार घरे प्रसिद्ध आहेत.

केंदूरसारख्या अवर्षणग्रस्त भागात उद्या एखादे उच्च शिक्षण केंद्र उभारायचे झाल्यास वाड्याचा चौक, जाड भिंती आणि खोल पडवी यांचा विचार हौसेखातर नव्हे, हिशेबासाठी व्हावा. चिनी घरातही चौक आहेच. उजेड, वारा आणि माणसांची ये-जा तो विनामूल्य सांभाळतो. काचेच्या इमारतीवरील पैसा दूरच्या कारखान्याकडे जातो. दगडी इमारतीवरील बराचसा पैसा पाथरवट आणि गवंडी यांच्या हाती पडतो.

यासाठी निविदेची पद्धत बदलली पाहिजे. केवळ चौरस फुटाचा दर न पाहता तीस वर्षांची वीज, दुरुस्ती आणि स्थानिक मजुरीचा वाटा हेही आकडे मागवावेत. हा हिशेब मांडल्याविना परंपरेच्या नावाने केलेला खर्च मंजूर होऊ नये, आणि आधुनिकतेच्या नावाने केलेलाही होऊ नये.