सेल्समनला टॅबलेट देताय? आधी नेट बंद करून बघा

सेल्स टीमसाठी स्वतःचं ॲप बनवून घेताना डेव्हलपर डेमो दाखवतो ऑफिसच्या वायफायवर. तिथे सगळं मस्त पळतं. पण तुमचा सेल्समन ऑर्डर घेतो तळघरातल्या गोडाऊनमध्ये, नाहीतर घाटातल्या गावात. तिथे रेंजच नसते.

मी स्वतः हे विचारायला विसरलो होतो. पोराने सेव्ह दाबलं, चक्र फिरतच राहिलं, म्हणून त्याने परत दाबलं. रेंज आल्यावर एकच ऑर्डर दोनदा पडली. माल दुप्पट गेला आणि परतीचं भाडं माझ्या खिशातून!

म्हणून डेव्हलपरला स्पष्ट सांगा: ऑर्डर आधी टॅबलेटमध्येच सेव्ह झाली पाहिजे, रेंज आली की आपोआप सर्व्हरवर जाईल. ऑर्डरचा नंबरही टॅबलेटवरच पडावा, प्रत्येक टॅबलेटचा वेगळा. तोच नंबर परत आला तर सर्व्हरने घ्यायचा नाही. ऑफलाइन असताना स्टॉकचा आकडा मात्र शिळाच दिसणार. त्यामुळे तो कधी अपडेट झाला, ती वेळ शेजारी दिसू द्या.

डेमोच्या वेळी एअरप्लेन मोड लावा. पाच ऑर्डर भरा, ॲप बंद करून उघडा, मग नेट चालू करा. पाचच्या पाच आल्या, ना कमी ना जास्त, तरच शेवटचा हप्ता द्या.

बजेट कमी आहे? आधी गूगलच्या ॲपशीटवर महिनाभर चालवून बघा. कोडिंग लागत नाही, गूगल शीटला जोडता येतं आणि ऑफलाइनही वापरता येतं.