अनंत चतुर्दशीच्या रात्रीची छायाचित्रे

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूर झोपत नाही. गिरण्यांच्या झाँक्या दिव्यांनी लखलखत निघतात, त्यांच्यापुढे आखाडे चालतात आणि राजवाड्याच्या परिसरात मुंगीलाही शिरण्यास वाव उरत नाही. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तरी तिची झाँकी निघत राहिली; कामगारांच्या या जिद्दीचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे. मात्र आमचा खरा ओढा आखाड्यांकडे. लाठी, पट्टा, बनेठी यांचे हात पाहावेत तर त्याच रात्री.

काही वर्षांपूर्वी नवा कॅमेरा गळ्यात अडकवून आम्ही तेथे उभे होतो. सत्तरी ओलांडलेले एक उस्ताद बनेठी घेऊन रिंगणात उतरले. आम्ही चाळीसएक छायाचित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो मागची झाँकी, दिव्यांच्या माळा, कडेला बसलेले प्रेक्षक, सारे रेखीव. उस्तादांच्या जागी मात्र करड्या धुराचा लोट! पुढील वर्षी हसू, म्हणून विषय सोडून दिला. ते पुढील वर्ष उस्तादांना लाभले नाही. त्यांच्या सूनबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, बाबांचा बनेठी फिरवतानाचा एखादा फोटो तुमच्याकडे असेल ना?" आमच्याकडे चाळीस होते, आणि एकही नव्हता.

चूक कोठे झाली, याचा छडा मग आम्ही लावला. अंधारात कॅमेऱ्यावर सारे सोपवले की पुरेसा उजेड गोळा करण्यासाठी तो शटर अधिक वेळ उघडे ठेवतो. आमची छायाचित्रे सेकंदाच्या पंधराव्या भागाची निघाली. बनेठी धरलेला हात सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरतो असे धरले, तर तेवढ्या अवधीत तो तेहतीस सेंटीमीटर सरकतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागात तोच हात केवळ एक सेंटीमीटर सरकेल. कॅमेऱ्यातील कंपनरोधक सोय आपल्या हाताचा कंप सावरते; खेळाडूची हालचाल थांबवणे तिच्या हाती नाही. आमची फसगत नेमकी येथेच झाली होती.

मग उजेड आणावा कोठून? प्रथम लेन्सकडे पाहावे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स पूर्ण लांबवली की तिचे द्वार बहुधा एफ ५.६ हून अधिक उघडत नाही. पन्नास मिलिमीटरची, झूम नसलेली, एफ १.८ची साधी लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते, आणि अशा लेन्सांत ती स्वस्तही असते. दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची. आयएसओ १६०० वरून ६४०० वर नेला की चौपट लाभ. दहा गुणिले चार म्हणजे चाळीसपट. पंधराव्या भागावरून पाचशेव्या भागापर्यंत पोचण्यास एवढे पुरते. चित्रात दाणे दिसतात, हे खरे. पण दाणेदार चेहरा ओळखता येतो. पुसला गेलेला चेहरा कोणत्याही युक्तीने परत येत नाही. नवशिके दाण्यांना फार भितात, आम्हीही भीत होतो.

चकतीवर 'एस' किंवा 'टीव्ही' अक्षराची जागा असते. तेथे शटरचा वेग आपण ठरवायचा आणि आयएसओ आपोआपवर ठेवून त्याची मर्यादा ६४०० करायची. लेझीमच्या पथकास अडीचशेवा भाग चालतो. फ्लॅश मात्र नको. तो चार पावलांपलीकडे फिका पडतो, आणि तलवार फिरवणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत टाकणे हा अविचारच. मोबाईलवाल्यांनी रात्रीची खास सोय बंद ठेवावी. ती एकामागून एक अनेक चित्रे घेऊन जुळवते, म्हणून स्थिर देवळास ती उत्तम, धावत्या मुलास निरुपयोगी.

द्वार पूर्ण उघडले की रेखीवपणाची खोली आटते, तीन मीटरवर जेमतेम वीतभर. म्हणून सतत फोकस साधणारी सोय लावून बिंदू चेहऱ्यावर धरावा, बनेठीवर नव्हे. शिवाय प्रत्येक हाताला एक विसावा असतो. लाठी वर जाऊन परतण्यापूर्वी, उडी शिगेला पोचल्यावर, निमिषभर गती मंदावते. ती वेळ साधायची तर आधी दोन-तीन आवर्तने नुसती पाहावीत. ढोलाचा ठेका कानांत बसला की बोट आपसूक वेळेवर दबते. झाँकीच्या झगमगाटाकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे तोच उजेड खेळाडूच्या तोंडावर पडतो. हे दिवे विजेच्या लहरीबरोबर सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, त्यामुळे वेगवान शटरमध्ये काही चित्रे काळपट किंवा पट्टेदार निघतात. त्यासाठी एकाच हाताची चार-पाच चित्रे घ्यावीत.

गतवर्षी उस्तादांचा नातू रिंगणात उतरला. पाचशेव्या भागात टिपलेला त्याचा चेहरा, दातांखाली दाबलेला ओठ, मनगटावरचा गंडा, सारे स्पष्ट आले. बनेठीची टोके तेवढी अद्याप पुसट आहेत. सूनबाईंनी ते चित्र मोठे करून मागितले आहे. यंदा आम्ही आठशेवा भाग लावून पाहणार आहोत.